बैठकीच्या खोलीत अरबी समुद्र बसवण्याची रीत

गप्पी मासे तगले, गोल्डफिशने दुसरी दिवाळी पाहिली की मुंबई-पुण्याकडच्या हौशी गृहस्थाला गोडे पाणी अळणी वाटू लागते. त्याला आता क्लाउनफिश हवा असतो. मासा जेमतेम बोटभर. तो पिशवीत घालून घरी आणायला दहा मिनिटे पुरतात. त्याच्यासाठी लागणारा समुद्र आणायला मात्र प्लंबर, इलेक्ट्रिशियन, काचवाला आणि कुटुंबाची संमती एवढ्यांची गाठ घालावी लागते. यांतली शेवटची गोष्ट बाजारात मिळत नाही. बाकीच्यांसाठी पुढील सूचना.

एक : जागा

चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे 450 लिटर खारे पाणी मावते. त्याचे वजन साधारण 465 किलो. काच, खडक, वाळू आणि स्टँड यांचे वेगळे. राहत्या घराच्या स्लॅबचे गणित करताना दर चौरस मीटरला 200 किलो भार धरण्याची पद्धत आहे आणि ही टाकी पाऊण चौरस मीटरवर बसते. हा भागाकार गृहस्थाने एकट्याने करावा, घरच्यांसमोर करू नये. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. तो टाकी भिंतीला लागून, बीमजवळ ठेवायला सांगेल. नेमकी तिथेच सासरहून आलेली शोकेस असते. शोकेसचा प्रश्न इंजिनिअरच्या कक्षेत येत नाही.

दोन : सम्प

सम्प म्हणजे मुख्य टाकीखालच्या कपाटात दडवलेली दुसरी टाकी. पाहुण्यांना दिसते ती वरची. गृहस्थाचा रविवार जातो तो खालचीत. वरच्या टाकीतले पाणी काठावरच्या खाचांतून सांडते, पाइपाने खाली येते, कापडी मोज्यातून गाळले जाते, स्किमरमधून आणि शेवाळाच्या कप्प्यातून फिरते आणि रिटर्न पंपावर बसून पुन्हा वर जाते. हीटर, चिलरचा पंप, वायरींची जंजाळे, सगळे खाली. वर फक्त मासा आणि कौतुक.

काचेला भोके पाडण्यापूर्वी ती टफन्ड नाही ना, याची खात्री करावी. टफन्ड काचेला ड्रिल लागले की तिचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात आणि सम्पचा विषय त्या दिवसापुरता मिटतो. प्लंबर पितळी टँक निपल आणेल, कारण गच्चीवरच्या टाकीला तो तेच लावतो आणि त्या टाकीने कधी तक्रार केलेली नाही. त्याला नम्रपणे थांबवावे. पितळेत तांबे असते आणि खाऱ्या पाण्यात उतरलेले तांबे कोळंबी, शंख आणि प्रवाळ यांना मारक ठरते. टँक निपल, युनियन, बॉल वॉल्व सगळे प्लास्टिकचेच हवे.

स्किमर हे या कपाटातले सर्वांत प्रामाणिक यंत्र. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे सोडले की माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतले सेंद्रिय द्रव्य बुडबुड्यांना चिकटते आणि फेसाबरोबर वरच्या पेल्यात जमते. दोन-तीन दिवसांनी पेला काढावा : काळपट तपकिरी पाणी, कडेला साबणासारखा थर, आणि वास असा की स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये तो धुण्याचा विचारही करू नये. पेला जितका घाण, तितका गृहस्थ खूश. ही अवस्था आली की हौस मुरली असे समजावे.

आता वीज जाते तेव्हा काय होते ते पाहू. पंप थांबतो, पण रिटर्नच्या पाइपाचे तोंड पाण्याखाली असते. त्यामुळे सायफन सुरू होतो आणि ते तोंड उघडे पडेपर्यंत वरचे पाणी उलटे खाली येत राहते. या टाकीत इंचभर पाणी म्हणजे सुमारे 19 लिटर. ऑफिसात ठेवतात तो जार जवळजवळ भरून. तोंड चार इंच खोल ठेवले असेल तर असे चार जार सम्पमध्ये उतरतात आणि सम्पमध्ये जागा नसेल तर ते खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जातात. म्हणून रिटर्नचे तोंड पृष्ठभागालगत ठेवावे, सायफन तोडणारे छोटे भोक पाडावे आणि सम्पचा वरचा भाग कायम रिकामा सोडावा. पाणी उलटे येऊ न देणाऱ्या चेक वॉल्ववर भिस्त ठेवू नये. त्यात मीठ साचते, गोगलगायी बसतात आणि वीज जाते त्याच रात्री तो उघडा राहतो.

तीन : गारवा

प्रवाळाच्या टाकीतले पाणी 24 ते 27 अंशांत असावे. मे महिन्यात मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये ते सहज 31 वर जाते; पंप आणि दिवे आपापला वाटा घालतातच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या खडकांवर 1998, 2010 आणि 2016 साली हेच घडले. तिथे अख्खा समुद्र तापला होता. इथे निदान बटण आहे.

बटणापूर्वी गृहस्थ तीन स्वस्त उपाय करतो. पहिला, बर्फाची बाटली. लिटरभर पाण्याची गोठवलेली बाटली वितळून टाकीइतकी कोमट होईपर्यंत या टाकीला जेमतेम पाव अंशाने गार करते. 31 वरून 26 वर यायला वीसेक बाटल्या लागतील, तेही मधल्या वेळात खोलीने उष्णता दिली नाही तर. फ्रीजरमधले मटार कुठे ठेवायचे, याचा निर्णय गृहस्थाने आधी घ्यावा.

दुसरा उपाय पंख्याचा, आणि तो फसवा नाही. माठाचेच तत्त्व : लिटरभर पाणी वाफ होऊन गेले की मागे उरलेले पाणी सव्वा अंशाहून अधिक गार होते, म्हणजे पंख्याने उडवलेला एक लिटर पाच बाटल्यांचे काम करतो. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात यावर निभते. मुंबईत जून उजाडला की हवेतच इतके पाणी असते की ती आणखी घ्यायला तयार होत नाही. शिवाय वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते. त्यामुळे तूट आरओच्या गोड्या पाण्याने भरावी. खाऱ्या पाण्याने भरणारा गृहस्थ महिन्याभरात लोणच्याच्या दिशेने निघालेला असतो.

तिसरा उपाय जुन्या फ्रीजचा. त्यात पाइपाची वेटोळी ठेवून पाणी फिरवायचे, ही कल्पना प्रत्येकाला स्वतंत्रपणे सुचते. फ्रीज आतली हवा गार करतो. हवेतून पाण्यात गारवा फार सावकाश जातो आणि अखंड ओझ्यासाठी तो कॉम्प्रेसर बनवलेला नसतो. फ्रीज आठवड्याभरात निवृत्ती पत्करतो.

उरला चिलर. त्याच्या आत टायटॅनियमची कॉइल असते, कारण खाऱ्या पाण्यापुढे टिकणारे आणि माशांना अपाय न करणारे असे धातू थोडेच. तो सम्पच्या कपाटात ठेवू नये. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढून तो दिवसभर धापा टाकतो. हॉलमध्ये ठेवला तर पाण्यातून काढलेली उष्णता अधिक त्याने खाल्लेली वीज, दोन्ही हॉलमध्ये सोडतो. मासे 26 अंशांवर, कुटुंब 34 वर. या टप्प्यावर आजी एकच प्रश्न विचारतात, ‘मी टाकीत बसू का?’ चिलर बाल्कनीत, सावलीत ठेवावा. पाइपांवर फोमचे वेष्टण चढवावे.

बिलाचा अंदाजही घ्यावा. चिलर 300 वॉटचा आणि दिवसाला 12 तास चालतो असे धरले, तर तीस दिवसांत 108 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात 100 आणि 300 युनिटला पायऱ्या आहेत. घरच्या वापरात हे मिळवले की मासा दोन्ही चढू शकतो.

चार : कायदा आणि शेवटची चाचणी

खडक बनवणारे कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडे 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ‘ओळखीतून’ मिळणारा प्रवाळ घरी आणू नये. क्लाउनफिशची पैदास बंदिस्त टाकीत होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र बसवले आहे. मासा तसाच मागावा. सगळी जोडणी ईएलसीबीमागे घ्यावी आणि प्रत्येक वायरीला प्लगआधी खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही.

मीठ घालण्यापूर्वी दोन्ही टाक्या साध्या पाण्याने भराव्यात, पंप सुरू करावा आणि घरचा मेन स्विच पाडावा. सम्पमधले पाणी चढून थांबेल तिथे मार्करने रेघ ओढावी. हे तीनदा करावे. फरशी तिन्ही वेळा कोरडी राहिली तर मिठाचे पोते फोडावे, पाणी फिरते ठेवून जिवाणू स्थिरावायला चार-सहा आठवडे द्यावेत आणि मगच माशाच्या दुकानाची पायरी चढावी.