हवा समोरून होती

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये सायकल चालवणारे खूप आहेत, पण त्यातले बहुतेक स्वतःला सायकलिस्ट म्हणवत नाहीत. डबा अडकवून कारखान्यात जाणारा कामगार रोज सायकल मारतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सायकलिस्ट म्हणजे रविवारी पहाटे लालचक्कीला हेल्मेट घालून उभा असतो तो. त्यातही दोन पंथ आहेत. पहिला चढवाल्यांचा. त्यांच्याबद्दल लिहायची गरज नाही, ते स्वतःच सगळं सांगतात, फोटोसकट. दुसऱ्या पंथातल्या माणसाला मात्र पुरावा नसतो. हे वारेवाले काका.

काका पन्नाशीच्या अलीकडे किंवा पलीकडे असतात. नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, नाहीतर बँकेत. कॅम्पातच शिवून घेतलेली जर्सी पोटावर जरा ताणलेली असते. ग्रुपमध्ये सगळ्यांत शेवटी पोचतात आणि पोचल्यावर एक पाय जमिनीवर टेकून, पाण्याची बाटली तोंडाला लावण्याआधी म्हणतात, "हवा समोरून होती."

बरोबरची पोरं त्याच रस्त्याने, त्याच हवेतून आलेली असतात. पण हे काकांना सांगायचं कोणी?

गंमत म्हणजे, शास्त्र काकांच्या बाजूने आहे. सायकलला हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो वेग हवेच्या हिशोबाने मोजायचा असतो. काका ताशी १५ ने चालले आहेत आणि समोरून २५ चा वारा आहे, तर त्यांच्या छातीला ४० चा वारा लागतो. शांत हवेत १५ ने जाताना लागतो त्याच्या सातपट रोध! काका आणि सायकल मिळून नव्वदेक किलो धरले, तर हा जादा रोध साधारण चार टक्के चढाएवढा भरतो, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना चार मीटर वर. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी विसात एक, म्हणजे पाच टक्के चढ चढते. तेव्हा वांगणीहून बदलापूरला येताना आपण जवळजवळ माथेरानच चढतो, हे काकांचं म्हणणं अगदीच हवेत नसतं.

हा हिशोब ते दाल पकवानच्या कागदावर मांडून दाखवतात. तेलाच्या डागाच्या अलीकडे वारा, पलीकडे चढ. दाल पकवानवाले साईं गल्ल्यावरून ऐकत असतात. "काका, दोनो में खर्चा किसमें कम है?" त्यांचा प्रश्न एवढाच. यावर काका गप्प होतात, कारण चढवाल्याला हलकी सायकल घ्यावी लागते आणि हलकेपणाला पैसे पडतात. वाऱ्यात वजनाला फारशी किंमत नसते, किंमत असते ती समोरून दिसणाऱ्या अंगाला. घाटात पोटातला एकेक किलो वर उचलून न्यावा लागतो, सपाटीवरच्या वाऱ्यात मात्र तो निमूट बरोबर येतो. काकांची वाऱ्यावरची निष्ठा तात्त्विक आहे असं ते सांगतात, पण घरच्या वजनकाट्याचं मत वेगळं आहे.

त्यांचं खरं दुःख श्रमाचं नाहीच, दुःख आहे नोंदीचं. चढाला उंची असते, घाट सुरू झाल्याची पाटी असते, वर गेल्यावर कठडा असतो. मोबाइलमधलं अ‍ॅप चढाचे मीटर इमानाने जोडत जातं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, पण खोपोलीपर्यंतचा वारा सोसणाऱ्याला प्रजाजनसुद्धा कोणी म्हणत नाही. एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरीच्या त्याच नावाच्या नातवाने १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या डोना बुआंग डोंगरावर सायकलने पुन्हा पुन्हा चढून एव्हरेस्टची उंची भरून काढली आणि आज जगभर लोक आपापल्या टेकडीवर तेच करतात. मराठा सेक्शनमधला एक चढवाला पोरगा सुभाष टेकडीवर हेच करायचं म्हणतो. काकांनी वाऱ्याचा एव्हरेस्ट करायचा तर मोजायचा कशाने?

म्हणून काका पुरावे गोळा करतात. खांबावरचा पक्षाचा झेंडा कुठल्या दिशेला फडफडतोय, गच्चीवरचा टॉवेल कुणीकडे उडालाय, चिमणीचा धूर कुठे वळलाय. पक्ष कुठला हे ते बघत नाहीत, फक्त कापडाची दिशा बघतात. रस्त्यात थांबून झेंड्याचा फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात. खाली ओळ एकच, "बघा."

नेदरलँड्सची बातमी कानावर आली तेव्हा त्यांना कृतार्थ वाटलं. तिथे उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा आहे. समुद्राचं तुफान अडवणाऱ्या ऑस्टरस्केल्ड धरणबंधावर साडेआठ किलोमीटर जायचं, वारा पुरेसा पिसाळलेला असेल तेव्हाच, आणि तेही बिनगिअरच्या, ताठ बसायच्या साध्या सायकलवर. म्हणजे आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलवर! काकांनी ही बातमी ग्रुपवर तीनदा टाकली. चढवाल्या पोराने अंगठा दाखवला.

वारा काकांना नेहमी परत येतानाच का लागतो, याचंही उत्तर आहे. पहाटे निघताना हवा पडलेली असते. ऊन वर आलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते. उन्हाळ्यात ही खारी हवा पश्चिमेकडून, वायव्येकडून येते, आणि नेरळ-बदलापूरहून उल्हासनगरला परतायचं ते नेमकं वायव्येलाच. जाताना ताशी ३० आणि येताना १५ पडले, तर सरासरी साडेबावीस येत नाही, २० येते, कारण हळू चालणारा त्या वाऱ्यात दुप्पट वेळ अडकतो. यावर उपाय दोन. एक, उजाडताच परतणे. पण वांगणीची मिसळ तेवढ्या लवकर तयार नसते. दुसरा, कोणाच्या तरी मागे चिकटून राहणे, त्याने हवेचा बराच भार वाचतो. काका हा दुसरा उपाय न बोलता करतात. विचारलं तर म्हणतात, "मी मागून पोरांवर लक्ष ठेवतो."

थंडीत कधीतरी पूर्वेचा वारा सुटतो. अशा एका रविवारी काका परतीला सर्रकन पुढे निघून गेले. अंबरनाथच्या चौकात ते पोरांची वाट बघत उभे होते. आज हवा मागून होती का, असं कोणीतरी विचारलं.

"हवा?" काकांनी आजूबाजूला पाहिलं. "आज तर पानही हलत नाहीये. फॉर्म आहे रे, फॉर्म!"

मे महिन्यात मात्र फॉर्म कामाला येत नाही. ऊन चढलेलं असतं, समोरून भट्टीसारखी हवा येत असते. मग काका वांगणी स्टेशनात सामानाचं तिकीट काढतात आणि सायकल लगेजच्या डब्यात चढवतात. डब्यात भाजीच्या पाट्या, दुधाच्या कॅन. काका दाराचा दांडा धरून, हेल्मेटसकट, विठ्ठलवाडीच्या दिशेने तोंड करून उभे राहतात. गाडी बदलापूर सोडून वेग घेते, जर्सी फुगते, डोळ्यांत पाणी येतं.

"हवा फारच समोरून आहे," ते कळवळून म्हणतात.

पाटीवर बसलेली भाजीवाली मान वर करते. "मग आत सरका की दादा. सायकलीचं चाक माझ्या मेथीवर आलंय."