वहिनींनी लिहू नये, लिहिल्यास दाखवून लिहावे

गिरगावातल्या आमच्या वाडीच्या गणेशोत्सवात यंदा परिसंवाद ठेवला होता : 'कलावंताच्या पत्नीने आठवणी लिहाव्यात काय?' व्यासपीठावर चार वक्ते, एक अध्यक्ष. पाचही पुरुष. अनुभव दांडगा, कारण आठवणींची भीती असलेले तेच.

पहिल्या वक्त्यांनी थेट अमेरिकेवर तोफ डागली. एल्व्हिस प्रेस्लीचा घटस्फोट १९७३चा, तो गेला १९७७ साली, आणि प्रिसिलाबाईंचं 'एल्व्हिस अँड मी' आलं १९८५मध्ये. "काडीमोड होऊन बारा वर्षं झाल्यावर हिचा संबंध काय?" संबंध एवढाच, की त्याच्याशी संसार तिने केला होता. जॉन लेननच्या पहिल्या बायकोने, सिंथियाने तर दोन पुस्तकं लिहिली. "दोन!" वक्त्यांनी बोटं वर केली. आपल्याकडे असली थेरं नाहीत, म्हणाले. खरंच नाहीत. पंडित भीमसेन जोशींच्या पहिल्या घराची हकीकत 'गाणाऱ्याचे पोर'मध्ये लिहिली ती मुलाने, राघवेंद्र जोशींनी. आईने स्वतः लिहिली नाही हे ऐकून मांडवात समाधान पसरलं.

दुसरे वक्ते दादरचे. विषय 'आहे मनोहर तरी'. भाईंच्या, म्हणजे पुलंच्या पत्नी सुनीताबाईंचं हे पुस्तक १९९० साली काढलं ते 'मौज'ने, म्हणजे आपल्याच खटाववाडीतून. घरभेदीपणा तो हाच. "'इंद्रायणी काठी'ला चाल लावणाऱ्या माणसाबद्दल असं लिहवतं तरी कसं?" त्यांनी कळवळून विचारलं. पुस्तक त्यांनी तीनदा वाचलंय म्हणे. लायब्ररीतली प्रत मी पाहिली आहे. टेबलावर ठेवली की आपली आपणच उघडते. बेचाळीसच्या चळवळीतल्या सुनीताबाईंची पानं कोरी करकरीत, आणि भाईंवर चिडल्या आहेत ती बोटांनी काळी झालेली. पुलं तेव्हा हयात होते. रागवायचा पहिला मान त्यांचा, पण तो वाडीवाडीने परस्पर घेऊन टाकला.

तिसऱ्यांनी सी. रामचंद्रांचं 'माझ्या जीवनाची सरगम' काढलं. "अण्णांनी काय मोकळेपणाने लिहिलंय! याला म्हणतात प्रांजळपणा." बाईने लिहिलं की त्याला उणीदुणी म्हणतात, हा फरक त्यांनी समजावून सांगितला नाही. श्रोत्यांना ठाऊकच होता.

चौथे लालबागहून निघालेले, राजाच्या गर्दीत अडकून घामाघूम पोहोचले आणि 'स्मृतिचित्रे' मात्र चालेल म्हणाले. लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक गेले १९१९ साली, बाईंचं पुस्तक येऊ लागलं १९३४पासून. "बाई पंधरा वर्षं थांबल्या. शिवाय हसवलंन!" एकूण, विधवा असावी, सबुरी असावी आणि विनोदबुद्धी असावी. घटस्फोटितेला यातलं पहिलंच जमत नाही. तिचा अर्ज तिथेच बाद.

इतक्यात मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारलं, "बुवांचा पहाटेचा रियाज चालायचा, तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत पोरांना गप्प कोण बसवत होतं?" प्रश्न विषयाला धरून नसल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. मग घराण्यांच्या इतिहासावर ते वीस मिनिटं बोलले. त्यात एकही बायको आली नाही. तंबोरे मात्र बरेच आले.

शेवटी ठराव झाला. कलावंताच्या पत्नीने, आजी असो वा माजी, आठवणी लिहिण्यास मंडळाची हरकत नाही. मात्र हस्तलिखित आधी कार्यकारिणीला दाखवावे आणि नवऱ्याचा उल्लेख आदरार्थी बहुवचनी करावा. टाळ्या पडल्या. स्त्रियांनाही संधी हवी म्हणून आभारप्रदर्शनाला अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना बोलावलं. वहिनींनी पदर खोचला, माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "आमच्या लग्नाला यंदा चाळीस वर्षं झाली..."

अध्यक्षांनी स्वतः उठून आरतीची घंटा वाजवायला घेतली. पावणेआठच झाले होते. आरती साडेआठची होती.