संस्कार रोख, पावती उधार

मोडनिंबला हायवेच्या कडेला एक शिक्षणसंस्था आहे असं समजा. (कुणाला ती आपलीच वाटली, तर आमचा नाइलाज आहे.) अध्यक्ष आबा, सचिव चिरंजीव, कोषाध्यक्ष सूनबाई. ‘संस्था म्हणजे एक कुटुंब’ हे मूल्य इथं रीतसर नोंदणी करून जपलेलं आहे.

आबांच्या केबिनमध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांचा भलामोठा फोटो. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, हे सांगताना दर भाषणात आबांचा कंठ दाटतो. मग त्याच फोटोखाली बसून ते नव्या मास्तरला विचारतात, ‘मंडळींच्या अंगावर किती तोळं हाय?’ परंपरा तीच आहे, फक्त दागिने दुसऱ्याचे.

मास्तरकीच्या नोकरीचा हा भाव दार लावून ठरतो. मोडनिंबच्या बोरांच्या लिलावात निदान आकडा चारचौघांत पुकारतात!

प्रवेशासाठी देणगी घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे. म्हणून आबा देणगी घेतच नाहीत; बिल्डिंग फंड घेतात, तोही ‘स्वखुशीनं’. पावती मागितली की म्हणतात, ‘ताई, विद्यादानाची कुठं पावती असती व्हय?’

2011 साली राज्यभर पटपडताळणी झाली. मतदारांसारखी पोरांच्या बोटाला शाई लागली आणि कितीतरी शाळांची पोरं फक्त हजेरीपटावरच शिकत असल्याचं उघड झालं. आबांनी त्यातून धडा घेतला आणि मूल्यशिक्षणाचा तास वाढवला.

त्यांची झोप उडाली ती मात्र 2020 साली. याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना सुमारे सात कोटींचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकायचं जाहीर केलं. ‘आपण मास्तरच्या पगारातलं निम्मं परत घेतो, आन् हा गडी बक्षिसातलं निम्मं वाटतो? मास्तरं बिघडतील अशानं!’

अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या महिला लागतात. आबांकडे दोन्ही आहेत, सह्यांपुरत्या. तेव्हा पालकहो, शिपाई रजिस्टर घेऊन दारात आला तर त्याला चहा जरूर पाजा; पण ठराव वाचल्याशिवाय सही करू नका, आणि पैसे मोजले असतील तर पावती घेतल्याशिवाय उठू नका.