जावईबापू, पास कुठंय?

निवृत्त माणसं दोन जातींची असतात. पहिल्या जातीची माणसं निरोपसमारंभाचा हार गळ्यातून काढतात, त्याच हाताने नोकरीही काढून ठेवतात. दुसऱ्या जातीला नोकरी सोडते, पण ही माणसं नोकरीला सोडत नाहीत. एसटीचा निवृत्त कंडक्टर लग्नाच्या बुफेच्या रांगेतही "पुढे सरका, पुढे जागा आहे" म्हणतो. निवृत्त हेडमास्तर सत्यनारायणाला बसतो आणि भटजींचे उच्चार तपासतो. आमचे सासरे तात्या या दुसऱ्या जातीचे मुकुटमणी. उभी हयात मुंबई बंदरात गेली. बोट आली की धक्क्यावर तिचे दोर झेलणारी जी टोळी असते, तिचे ते मुकादम. आता हातात दोर नाही, टोळी नाही. पण जगातलं कुठलंही पाणी दिसलं की त्यांची पाळी सुरू होते.

ते आणि सासूबाई टोकियोला आमच्याकडे आले, तेव्हा बायकोने मला बजावलं, "तात्यांना योकोहामाला नेऊन आण. पण निवांत हं. बागा आहेत, पाळणा आहे, चायनाटाउन आहे. दमवू नकोस त्यांना." कुणी कुणाला दमवायचं, हे तेव्हा ठरलेलं नव्हतं.

साकुरागिचो स्टेशनावर उतरलो. १८७२ साली जपानची पहिली रेल्वे टोकियोच्या शिंबाशीहून सुरू झाली ती इथपर्यंत, असं मी सांगायला घेतलं. तात्यांनी नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, "बंदर कुठल्या अंगाला?"

समोर लँडमार्क टॉवर होता. उंची २९६ मीटर, आणि लिफ्ट चाळीस सेकंदांत ६९ व्या मजल्यावर न्यायची. मी तिकिटांकडे वळलो, तर तात्या खाली बघत उभे. टॉवरच्या पायथ्याशी पायऱ्यापायऱ्यांचा एक लांबलचक दगडी खड्डा आहे. आत टेबलं, छत्र्या, खाणारी मंडळी. तात्यांचा आवाज चढला. "जावईबापू, ही सुकी गोदी आहे! हिच्यात हॉटेल काढलंय!"

खरंच होतं. १८९६ ची, जहाजं दुरुस्त करायची गोदी. जहाजांचा धंदा इथून उठला तेव्हा जपान्यांनी ती बुजवली नाही, जपली आणि भिंतींत उपाहारगृहं बसवली. तात्या खाली उतरले. दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं, पावलांनी लांबी मोजली. एक वेटर मेनूकार्ड घेऊन धावला. "ह्याला विचारा, दार कुठल्या बाजूला होतं?" मी विचारलं. पोरगा कमरेत वाकला आणि त्याने अदबीने आम्हाला हॉटेलच्या दाराशी नेऊन उभं केलं. "ह्या दारातून बोट आत येते?" तात्या म्हणाले. याचं भाषांतर मी केलं नाही. ६९ वा मजला राहिला तो राहिलाच.

लाल विटांची गोदामं आली. १९११ आणि १९१३ साली बांधलेली कस्टमची गोदामं, २००२ पासून आत दुकानं आणि कॅफे. सासूबाई काचेची बरणी निरखत होत्या, तात्या लोखंडी दारं. "मालाला वारा नीट लागत असणार," एवढं प्रशस्तिपत्र देऊन ते बाहेर पडले आणि जवळच्या धक्क्यावर एका अवाढव्य क्रेनपाशी थबकले. १९१४ ची, पन्नास टन उचलणारी, विलायतेत बनलेली. १९२३ च्या भूकंपात शहर भुईसपाट झालं, ही उभीच राहिली. आता तिच्या पायाशी मॉल आहे आणि लोक तिच्यासमोर फोटो काढतात.

"१९१४? आमची अलेक्झांड्रा गोदी त्याच सालची," तात्या म्हणाले. आज तिला इंदिरा गोदी म्हणतात. तात्या म्हणत नाहीत. क्रेनला एक प्रदक्षिणा झाली. "हिला काम नाही," ते म्हणाले, "पण जागेवरून कुणी उठवली नाही." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. घरी तात्यांच्या आरामखुर्चीची जागा सुनेने नुकतीच हलवली होती.

खरा प्रसंग घडला तो ओसानबाशीवर. हा योकोहामाचा मोठा प्रवासी धक्का. त्याच्या छपरावर लाकडी फळ्यांचा चढउतार आणि मधे मधे हिरवळ. कुणीही, केव्हाही यावं, फिरावं. तात्या मात्र सुरुवातीलाच थांबले. उजवा हात शर्टाच्या खिशावर गेला.

"जावईबापू, पास कुठंय?"

"लागत नाही तात्या."

"विचारा."

"कुणाला विचारू? इथं कुणी नाहीच."

याने ते जास्तच घाबरले. जिथं विचारायला कुणी नाही, तिथं काहीतरी भयंकर घडलेलं असणार, असा बंदरातला अनुभव. शेवटी एक आजीबाई कुत्र्याला घेऊन आरामात पुढे गेल्या, तेव्हा तात्यांनी पाऊल टाकलं. तेही मागे बघत.

"आमच्याकडे सख्ख्या भावाला आत न्यायचं तरी पास लागायचा," ते अभिमानाने म्हणाले.

"भावाचं सोडा," सासूबाई म्हणाल्या, "मला तरी कुठं नेलंत? पिवळ्या गेटापर्यंत डबा पोचवला, एवढंच माझं बंदर. आज बघतेय, तुम्ही काय करत होतात ते."

नेमकी तेव्हाच एक पांढरीशुभ्र प्रवासी बोट धक्क्याला येत होती. मग काय! सासूबाईंना कठड्याशी उभं करून तात्यांनी वर्ग घेतला. टग बोटीला कशी रेटते, आधी बारीक दोरी का फेकतात आणि तिच्यामागून जाड दोर कसा ओढून घेतात, तो कुठल्या खुंटाला पडायला हवा. खाली हेल्मेट घातलेली जपानी पोरं न ओरडता काम करत होती, ते त्यांना खटकलं. "आवाज नाही ह्यांच्यात. आणि इथं भरती-ओहोटीचा फरक जेमतेम दोन मीटर! आमच्याकडे पाच मीटरपर्यंत पाणी चढतं-उतरतं. म्हणून तर गोदीला दरवाजे. इथं काय, कुणीही बोट लावील." बोटीवरून शिडी उतरू लागली तसा त्यांचा तळवा आपोआप खाली-खाली हलू लागला. "आरिया... आरिया... बस्स!" शिडी टेकली. शेजारचं एक जपानी पोर त्यांच्याच हाताकडे बघत होतं. बोट यांच्याच हुकमाने लागली, याविषयी त्याच्या मनात शंका नसावी.

"बरी लावली," तात्या म्हणाले. हे 'बरी' माझ्या बायकोला दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं.

यामाशिता उद्यानाशी हिकावा मारू कायमची बांधून ठेवली आहे. १९३० साली योकोहामातच बांधलेली, सिअ‍ॅटलच्या फेऱ्या करणारी बोट. १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन हिच्यातून गेला, युद्धात ती इस्पितळ झाली, १९६१ पासून ती इथं उभी आहे. सासूबाई चॅप्लिनसाठी वरच्या मजल्यावर गेल्या, तात्या इंजिनासाठी खाली. मी जिन्यात. बाहेर आल्यावर ते नांगराच्या साखळ्या बघत बसले. साखळ्यांवर सीगल पक्षी ओळीने बसले होते. "साखळीला ग्रीस कोण लावतं?" मला माहीत नव्हतं. जावई म्हणून माझी पत आणखी उतरली.

चायनाटाउनमध्ये पोचेपर्यंत माझ्या पायांत त्राण नव्हतं. वाफाळते पाव खाल्ले, एवढंच आठवतं.

परतीच्या गाडीत मी झोपणार, तोच तात्यांनी खांद्यावर थाप मारली. "शहर छान आहे. पण जिथं तिथं बागा, दुकानं, फिरायला आलेली माणसं. मालाची बोट एक दिसली नाही."

"त्या होन्मोकूला लागतात. कंटेनरचे धक्के तिकडे आहेत," मी बेसावधपणे बोलून गेलो.

तात्या ताठ बसले. "मग पुढच्या रविवारी तिकडेच जाऊ. निवांत. पहाटे निघू. तेवढं बघून ठेवा, आत जायला पास लागतो का."

"बहुतेक लागत असेल. नाहीच सोडायचे आपल्याला आत."

"नाही ना सोडत?" तात्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बंदर चांगलं असणार."