किल्लीदार

रात्रीचे साडेअकरा वाजले असताना, बाहेर आषाढाची झड लागलेली असताना आणि माझा डोळा नुकता कोठे लागला असताना अण्णांनी एकदा माझ्या दाराची कडी वाजवली. कोणी गेले की काय, या धास्तीने दार उघडतो तो अण्णा डोक्यावर रिकामे पोते पांघरून उभे. आत या म्हटले, तर आले नाहीत. त्यांनी मागेपुढे पाहिले, माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. नंबरप्लेटीमागून काढली. आता डिझेलच्या टाकीखाली आहे. कुणाला बोलू नका." एवढे बोलून ते पावसात अंतर्धान पावले. सकाळी कोपऱ्यावर दूध आणावयास गेलो, तेव्हा दूधवाल्याने माप ओतता ओतता मला सहज विचारले, "टाकीखाली ठेवली म्हणे अण्णांनी?"

घराची एक किल्ली कनवटीला, दुसरी तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात आणि तिसरी शेजारच्या काकूंच्या डब्यात ठेवूनही ज्यांना उंबरठा ओलांडताना घाम फुटतो, अशा गृहस्थांचे वर्णन करून मी वाचकांच्या अनुभवाचा उपमर्द करीत नाही. अण्णांचे वैशिष्ट्य एवढेच, की ही विद्या त्यांनी घरासारख्या स्थिर वस्तूवर न आजमावता एका टाटा ४०७ मालट्रकच्या बहिर्भागावर सिद्धीस नेण्याचा पण केला होता. आणि जी वस्तू रोज गिरणारे-दिंडोरीच्या मळ्यांतून टोमॅटो भरून घेते, बाजार समितीत रिकामी होते, आठवड्यातून दोनदा कसारा घाट उतरून वाशीला जाते व चिखलाने माखून परत येते, तिच्या अंगावर एक बोटभर लांबीचा पितळी तुकडा कोणास न दिसेल, कोणास न सापडेल आणि आपल्याला मात्र अंधारात चाचपून मिळेल अशा रीतीने ठेवणे, हे किती दुर्घट कर्म आहे याची कल्पना घरात बसून कोड्यांची उत्तरे लिहिणाऱ्यांना येणार नाही. आम्ही मंडळी त्यांना मागून 'किल्लीदार' म्हणत असू. ते त्यांच्या कानी गेले, तेव्हा जुन्या काळच्या एखाद्या किल्लेदाराची सनद हाती पडावी तसा त्यांचा चेहरा खुलला.

मला त्यांचा राग येई, त्याला कारण होते. मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षे लेखनिकी केलेला माणूस. ज्या आवारात १९२८ पासून देशाच्या नोटा छापल्या जातात, तेथे कुलूप, मोहोर, नोंदवही आणि झडती यांच्यातच मनुष्याची वृत्ती घडते. किल्ली ज्याच्या स्वाधीन, त्याची ती जोखीम. तिचा ठावठिकाणा ही उच्चारण्याची बाब नव्हे. असे संस्कार झालेल्या माणसाला टाकीखालच्या किल्लीची वर्दी रात्री साडेअकराला मिळावी आणि सकाळी तीच दूधवाल्याकडून परत मिळावी, यातील यातना समजून घ्याव्यात.

या व्याधीचा उगम इगतपुरीचा. घाट उतरण्यापूर्वी चहा घ्यावा म्हणून अण्णांनी माथ्यावर गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवले आणि ते खाली उतरले. पाठोपाठ क्लिनर उतरला व त्याने, मालकाच्या गाडीची काळजी घ्यावी या सद्हेतूने, दोन्ही दारांची बटणे दाबून दारे ओढून घेतली. पुढचे दोन तास इगतपुरीच्या त्या प्रसिद्ध पावसात अण्णा बाहेर भिजत उभे होते आणि आत कोणी नसताना वायपर इमानेइतबारे काच पुसत होता. शेवटी गॅरेजातल्या एका पोराने पोलादी फूटपट्टी काचेच्या रबरात सारली, अर्ध्या मिनिटात दार उघडले आणि पन्नास रुपये घेतले. दोन तासांच्या भिजण्यापेक्षा ते अर्धे मिनिट अण्णांच्या अधिक जिव्हारी लागले. कुलपावरचा त्यांचा विश्वास त्या क्षणी जो उडाला तो कायमचा. कुलूप हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि चावी पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरली, हे मी त्यांना एकदा सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बघा, म्हणजे दोघांची मुळात ओळखच नाही."

मग प्रयोग सुरू झाले. पहिली जागा नंबरप्लेटीमागे. जागा उत्तम, पण प्लेट काढण्यास स्क्रूड्रायव्हर लागे आणि स्क्रूड्रायव्हर केबिनमध्ये असे. दुसरी टाकीखाली, जाड तारेने आवळून. तार सोडवण्यास पक्कड लागे आणि पक्कडही केबिनमध्येच. तिसऱ्या खेपेस त्यांनी रविवार कारंज्यावरून लोहचुंबक लावलेली एक डबी पैदा केली आणि चुंबकाच्या शोधाबद्दल आठ दिवस सर्व जगाची स्तुती केली. परंतु नवा बंपर फायबरचा असल्यामुळे चुंबक त्याला ढुंकून पाहीना. चासीवर वाळलेल्या चिखलाचा थर असल्यामुळे तेथे तो जेमतेम धरी. आणि सायलेन्सरजवळ, जेथे तो घट्ट बसला, तेथल्या उष्णतेने त्याची शक्तीच क्षीण होत गेली. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे एका खड्ड्यात ती डबी कोठे गळाली, हे आजतागायत कळलेले नाही. चौथी जागा स्टेपनीच्या पोकळीत होती. ती जागा इतकी गुप्त होती, की पंक्चर झाल्यावर स्टेपनी काढणाऱ्या माणसाने किल्ली काढून आपल्या दुकानातल्या खिळ्याला अडकवली आणि पुढे सहा महिने तीच अण्णांची अधिकृत जागा ठरली.

आणि प्रत्येक स्थलांतराची वर्दी मला मिळे. "तुम्हाला म्हणून सांगतो." मला म्हणून, तशी दूधवाल्याला म्हणून, आडगाव नाक्यावरच्या चहावाल्याला म्हणून, बाजार समितीतल्या हमालांना एकेकट्याने बाजूला घेऊन, पेट्रोलपंपावर, टोलनाक्यावरच्या खिडकीत पावती घेता घेता! पोलीस चौकीतल्या एका हवालदारांकडे तर ते सल्ला मागावयास गेले. हवालदार अनुभवी, त्यांनी सांगितले, की चोर पहिला हात चाकाच्या कमानीत घालतो, दुसरा बंपरखाली आणि तिसरा नंबरप्लेटीमागे, सबब या तीन जागा वर्ज्य समजाव्यात. अण्णांनी मान डोलावली, इकडेतिकडे पाहिले आणि हवालदारांच्या कानाशी वाकले.

तथापि सत्य सांगितले पाहिजे. या उद्योगातून अण्णांना काही सिद्धान्त गवसले होते आणि ते टाकाऊ नव्हते. बाहेर ठेवायची ती केवळ दाराची किल्ली. इंजिनाची किल्ली निराळी, ती आत, दुसऱ्या आडोशाला, म्हणजे एक सापडली तरी गाडी हलत नाही. मूळ किल्ली बाहेर कधी ठेवू नये, कारण चोरीचा दावा लावताना विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते व एक कमी भरली की फिर्यादीलाच आरोपीसारखे प्रश्न होतात. सबब किल्लीवाल्याकडून कापून घेतलेली तिसरी. ती ग्रीसने भरलेल्या चुन्याच्या डबीत बुडवावी म्हणजे चार पावसाळे गंजत नाही. डबी अशा जागी बांधावी, की जेथे हात पोहोचण्यास मनुष्याला जमिनीवर आडवे व्हावे लागेल. चोराला सर्व काही चालते, फक्त रस्त्यावर आडवे झालेले लोकांनी पाहणे चालत नाही. हा शेवटचा सिद्धान्त अण्णांचा स्वतःचा, आणि मला तो बिनतोड वाटतो.

नव्या विद्येपुढे मात्र ते एकदा फसले. आमच्या आळीतल्या डॉक्टरांनी बिनकिल्लीची म्हणतात तशी मोटार घेतली, जिची किल्ली खिशात असली की दार आपोआप ओळख देते. अण्णांनी आग्रहाने त्यांची दुसरी किल्ली मागच्या बंपरच्या आत बांधून दिली. आणि त्या दिवसापासून डॉक्टरांच्या गाडीची डिकी हात लावील त्याला, अगदी शाळेच्या पोरांनासुद्धा, विनम्रपणे उघडू लागली. किल्ली जवळ असताना धनी कोण आणि परका कोण, हे यंत्राला कसे कळावे? पोळ्या गुंडाळण्याच्या चंदेरी कागदात ती नीट गुंडाळली की तिची हाक बाहेर जात नाही, हा उपाय डॉक्टरांच्या मुलाने शोधला. अण्णा खिन्न झाले. "किल्ली हाक मारते?" एवढेच त्यांनी दोनदा विचारले.

एकदा आम्ही चौघे त्यांच्याच गाडीतून शनिशिंगणापूरला गेलो. ज्या गावाच्या घरांना परंपरेने दारे नाहीत, नुसत्या चौकटी आहेत, आणि जेथे २०११ साली युको बँकेने शाखा उघडली तीही कुलपावाचून, त्या गावात तरी या माणसाला एक रात्र स्वस्थता लाभेल, अशी माझी भाबडी अपेक्षा होती. अण्णांनी गाडीची दोन्ही दारे लावली, ओढून पाहिली, देवाला तेल घातले. आणि दर्शन घेऊन मी चपला शोधीत होतो, तेव्हा ते तेलवाल्याच्या कानाशी वाकलेले मला दिसले.

आता २०१९ च्या ऑगस्टातली गोष्ट. त्या रविवारी गंगेला असा पूर आला, की दुतोंड्या मारुती, ज्याच्या गुडघ्यावरून, कमरेवरून आणि गळ्यावरून आम्ही नाशिककर पुराची इयत्ता ठरवतो, तो पाण्याखाली गेला. अण्णांची गाडी आदल्या रात्रीपासून गाडगे महाराज पुलाजवळ गंगेकाठी उभी होती आणि अण्णा निफाडला मेव्हण्याच्या दशक्रियेला गेले होते. मला ते आठवले आणि, माझ्या वयाला व गुडघ्यांना न शोभेल अशा त्वरेने, छत्री न घेता मी निघालो. का निघालो, ते सांगता येत नाही. किल्ली कोठे आहे हे मला ठाऊक होते. ठाऊक असलेल्या माणसाला घरी बसता येत नाही, एवढेच. पोहोचलो तो गाडी जागेवर नव्हती. पाण्यातून काही चारचाकी खेळण्यासारख्या वाहत जात होत्या, त्यांत मी ती शोधू लागलो. तेवढ्यात कोणी हाक मारून सांगितले, की गाडी पंचवटी कारंज्यावर उभी आहे. तेथे जाऊन पाहतो तो चहावाला, पंक्चरवाला, दोन हमाल आणि एक नारळवाला भिजून चिंब उभे. आणि टाकीखाली पहिला हात कोणाचा गेला, यावर त्यांचे भांडण जुंपलेले.

रात्री अण्णा परत आले. गाडीला एक प्रदक्षिणा घातली, जमिनीवर आडवे झाले आणि टाकीखाली हात घातला. डबी जाग्यावर होती. ज्याने काढली त्याने ती परत तेथेच, पूर्वीपेक्षा अधिक घट्ट तारेने बांधून ठेवली होती. अण्णा बराच वेळ तसेच पडून राहिले. मला वाटले, उठवण्यास मदत लागते की काय. त्या रात्री घरी येऊन मी माझ्या कपाटाच्या किल्ल्या मोजल्या. पाच होत्या. त्यांतली एकही कोठे असते, हे माझ्यावाचून या शहरात कोणाला ठाऊक नव्हते. आणि चौतीस वर्षे ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, ती त्या रात्री मला तितकीशी अभिमानाची वाटली नाही.

मागल्या दसऱ्याच्या आधी अण्णांनी गाडी विकली. डोळ्यांनी रात्री दिसेनासे झाले होते. मालेगावचा एक सुताचा व्यापारी घेऊन गेला. कागदोपत्री दोन किल्ल्या त्याच्या हवाली झाल्या, तशी पावतीही झाली. आठ दिवस अण्णांच्या तोंडची चव गेली. नवव्या दिवशी सकाळीच ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तिसरीचं सांगायचं राहिलं. फोनवर बोलायची गोष्ट नाही ती." म्हणून आम्ही दोघे एस.टी.ने शंभर किलोमीटर मालेगावला गेलो. व्यापारी भला माणूस. त्याने यंत्रमागांच्या खडखडाटात आम्हाला गादीवर बसवले, चहा मागवला. अण्णांनी चहा संपवला, मागेपुढे पाहिले आणि ते त्याच्या कानाशी वाकले. त्यांचे पहिले वाक्य पुरे होण्याच्या आतच व्यापारी हसून म्हणाला, "टाकीखाली ना? चुन्याची डबी. मला त्याच दिवशी कळलं, चाचा. गाडी घेऊन निघालो तर आडगाव नाक्यावरच्या चहावाल्याने थांबवलं, आणि तुम्हाला म्हणून सांगतो म्हणाला."

परतीच्या एस.टी.त अण्णांना खिडकीची जागा मिळाली. राहुडचा घाट गेला, चांदवड आले, तरी ते एक शब्दही बोलले नाहीत.