निबवाले गुरुजी

वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आहेत आणि सहाही तालुक्यांच्या गावी एक बसस्थानक, एक बाजार समिती आणि एक निबवाले गुरुजी असतात. बसस्थानकावर गाडी वेळेवर मिळेलच असं नाही, बाजार समितीत सोयाबीनला भाव मिळेलच असं नाही. निबवाले गुरुजी मात्र हमखास भेटतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, पंचाहत्तरी ओलांडलेली, पांढरा सदरा, खिशाच्या तळाशी निळा डाग आणि वर अडकवलेली तीन पेनं. तिन्ही चालू, आणि गुरुजींच्या मते तिन्ही जाड.

गुरुजींना आता देवाकडे मागण्यासारखं फार काही उरलेलं नाही. पेन्शन येते, तूर बरी होते, गुडघे अजून साथ देतात. एकच हवं आहे : बारीक लिहिणारं शाईचं पेन, आणि तेही दोनशे रुपयांच्या आत. यातली कोणतीही एक अट सोडली तर बाजार पेनांनी भरलेला आहे. गुरुजी दोन्ही अटी धरून बसले आहेत.

स्टेशनरीच्या दुकानात गुरुजी शिरले की दुकानदार आधी पंखा लावतो. काम वेळखाऊ आहे हे त्याला ठाऊक असतं.

"भाऊ, बारीक लिवणारं पेन आलं काय?"

"हे पाहा ना गुरुजी, नवीन आहे. फाइन."

गुरुजी चष्मा कपाळावर चढवून निब डोळ्याला लावतात, मग कागदावर एक रेघ ओढतात. "याले फाइन म्हणतेत? याच्यानं तं पोळ्याले बैलाची शिंगं रंगवता येते."

"मंग जेल घ्या. झिरो पॉइंट फाइव्ह. दहा रुपये."

"आमच्या सात पिढ्यांत कोनी जेल पाह्यली नाही, मी म्हातारपनी कायले जाऊ?"

हा विनोद दुकानदाराने इतक्यांदा ऐकलेला असतो की तो गुरुजींच्या आधीच हसून घेतो.

पेन पारखण्याची गुरुजींची एक पद्धत आहे. बाकीची माणसं पेन घेताना सही करून बघतात. गुरुजींना ते मान्य नाही. सही काय, काडीनेही होते. ते 'बब्रुवाहन' लिहितात. महाभारतातल्या या अर्जुनपुत्राने वाशीम जिल्ह्यात जेवढी पेनं नापास केली, तेवढे योद्धे रणांगणावर पाडले नसतील. या शब्दात दोन 'ब' आहेत आणि एक 'वा'. 'ब' आणि 'व' यांच्यात फरक किती? पोटातल्या एका तिरप्या रेघेचा. निब जाड असली की 'ब'चं पोट शाईने भरतं आणि 'व'चंही. मग बब्रुवाहनाचा वव्रुवाहन झाला काय किंवा बब्रुबाहन झाला काय, सगळं सारखंच. 'प' आणि 'ष' यांचं तेच. 'ळ'चे दोन्ही डोळे उघडे दिसले पाहिजेत, अनुस्वार टिंबच दिसला पाहिजे, डाग नव्हे. एवढं सगळं एकेरी वहीच्या ओळीत, तिच्याही निम्म्या उंचीत. या परीक्षेला बसलेली पेनं साधारणपणे पहिल्याच 'ब'ला गळतात.

हा बारीकपणा गुरुजींच्या हाडात मुरला तो नोकरीत. पाठ टाचण वहीचे रकाने ज्याने आखले त्याने आयुष्यात कधी टाचण लिहिलं नसावं, असं गुरुजींचं ठाम मत आहे. उद्दिष्ट, शैक्षणिक साहित्य, अध्ययन अनुभव, मूल्यमापन. मजकूर हातभर आणि रकाना बोटभर. पुढे शालेय पोषण आहाराचं रजिस्टर आलं, त्यात तांदूळ ग्रॅममध्ये. हजेरीपटावर एकतीस चौकोन. तपासायला आलेले विस्तार अधिकारी टाचण बघून म्हणायचे, गुरुजी, छापून आणलं काय? त्या एका वाक्यावर गुरुजींनी पुढची सगळी वर्षं काढली. उरलासुरला बारीकपणा पोस्टकार्डांवर खर्च झाला. पन्नास पैशांच्या कार्डावर पावसापासून सोयरिकीपर्यंत सगळ्या बातम्या, आणि समासात उभ्या ओळीत 'बाकी सर्व ठीक'.

निवृत्तीनंतर शोधाला वेळ मिळाला आणि २०२२ च्या ऑगस्टपासून गाडीही मिळाली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना सरकारने एसटीचा प्रवास मोफत केला, तेव्हापासून गुरुजी अकोल्याला जातात, अमरावतीला जातात, एकदा काय दोनदा काय. दोनशेचं पेन शोधताना चहा, नाश्ता आणि ऑटो मिळून दोनशेच्या वर जातात, हे घरच्यांनी हिशेब करून दाखवलं. गुरुजींनी तो हिशेब तपासला, त्यातली बेरजेची चूक लाल शाईने दुरुस्त केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अकोल्याची गाडी धरली. हैदराबादला जुनी पेनांची दुकानं आहेत, वाशीमवरून तिकडे जाणारी रेल्वेही आहे. पण मोफत प्रवास राज्याच्या हद्दीत संपतो, आणि गुरुजींची स्वप्नंही तिथेच उतरतात.

विकत मिळत नाही म्हटल्यावर गुरुजी कारागिरीकडे वळले. यामागचं शास्त्र ते कोणालाही, विचारलं नसताना, समजावून सांगतात. निबच्या टोकाला कठीण धातूचा बारीकसा मणी असतो. त्याच्या मधोमध चीर. शाई जिभेवरून त्या चिरेत आपोआप ओढली जाते आणि मणी कागदाला जेवढा टेकतो तेवढी रेघ उमटते. म्हणजे मणी झिजवला की रेघ बारीक! एवढं सिद्ध झाल्यावर गुरुजी देवघराजवळ जाऊन बसतात.

"अहो, काय करून राह्यले त्या सहाणीवर?"

"काही नाही. निब जराशी उगाळून राह्यलो."

"देवाची सहाण आहे ते! आता देवाले निळं गंध लावू काय?"

गंधाचं पुढे काय झालं ते बाहेर कळलं नाही, पण निबचं काय झालं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. मणी एका बाजूने झिजला की निब कागदावर चालत नाही, ओरखडत जाते. आणि फारच झिजला की मणी संपतो आणि खालचा पत्रा लागतो. मग गुरुजींनी निब उलटी धरून लिहायला सुरुवात केली. उलट्या निबने रेघ खरोखरच बारीक येते, हे खोटं नाही. पण शाई मन मानेल तेव्हा येते. 'स.न.वि.वि.' मधला पहिला 'वि' उमटतो, दुसरा नुसता कोरला जातो. मग शाई बदलून पाहिली, जीभ मागे-पुढे करून पाहिली, चीर दोन नखांत धरून आवळून पाहिली. गुरुजींच्या टेबलाच्या खणात आज या प्रयोगांतल्या निबा औषधाच्या डबीत ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीबरोबर चिठ्ठी आहे, तिच्यावर मृत्यूचं कारण आहे.

इतिहासाचा विषय निघाला तर मात्र गुरुजींसमोर बसायची तयारी ठेवावी. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, तिथून गाडी निघते. घोडा छाप शाई, मग उंट छाप, मग कॅम्लिनचं पेन. वर्गात शाई संपली की शेजारच्याकडून मोजून थेंब उसने घ्यायचे आणि उद्या फेडायचे, ही पतपेढी गुरुजींनी विद्यार्थी म्हणूनही पाहिली आणि मास्तर म्हणूनही. २०११ साली कॅम्लिनचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीकडे गेला, तेव्हा गुरुजींना फार आशा वाटली होती. "कंपनी जपानी झाली, मंग निब काहून नाही झाली?" हा त्यांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

गाडी मग वर्ध्याला येते. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवून गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हाती गांधीजींना पाठवलं आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना आभाराचं पत्र धाडलं. ते पेन बारीक होतं की जाड, याचा पत्रात उल्लेख नाही, याची गुरुजींना मनापासून हळहळ वाटते. तिथून गाडी कारंज्याला. तिथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत जुन्या हस्तलिखित पोथ्या आहेत, आणि डॉ. हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी १९३० च्या दशकात कवी पुष्पदंताचे अपभ्रंश ग्रंथ कारंज्याहूनच छापून काढले.

"बोरूनं लिवल्या त्या पोथ्या. काजळाची शाई. कुठी डाग नाही, कुठी खोड नाही."

दुकानदार मान डोलावतो. "मंग गुरुजी, बोरूच घ्या ना. पाच रुपयांत देतो."

त्या दिवशी गुरुजी चहा न घेता परत गेले.

जपान हा गुरुजींचा हळवा कोपरा आहे. पायलट १९१८ ची, प्लॅटिनम १९१९ ची, या कंपन्यांचे वाढदिवस त्यांना नातवंडांच्या आधी आठवतात. जपानी माणसाला पंधरा-वीस रेघांचं अक्षर एका चौकोनात बसवायचं असतं, म्हणून त्याची 'फाइन' निब युरोपातल्या 'एक्स्ट्रा फाइन'च्या तोडीची. थोडक्यात, जपान्यांचंही दुखणं बब्रुवाहनाचंच. फक्त त्यांनी त्यावर निब काढली आणि आपण जेल पेन धरलं.

शेवटी पुण्यातल्या नातवाने आजोबांसाठी प्लॅटिनमचं प्रेपी मागवलं. प्लॅस्टिकचं, पारदर्शक, साधं पेन; पण त्यात शून्य पूर्णांक दोन मिलिमीटरपर्यंतची निब मिळते आणि किंमत काही शेकड्यांत. टोपण असं की आतली शाई महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि वाशीमच्या मे महिन्यात हे फार मोठं काम. गुरुजींनी बब्रुवाहन लिहिला. दोन्ही 'ब' उघडे, 'वा'चं पोट मोकळं, अनुस्वारासाठी मुद्दाम लिहिलेल्या 'कंसवंशा'त दोन्ही टिंबं स्वच्छ. घरात शांतता पसरली. इतक्या वर्षांचा शोध संपला असं सगळ्यांना वाटलं.

"कितीले भेटलं?" गुरुजींनी विचारलं.

नातू हुशार. आजोबांची अट त्याला माहीत. "एकशे नव्व्याण्णव, आबाजी."

गुरुजींनी पेन उलटसुलट करून पाहिलं. "जपानचा माल, अन् एकशे नव्व्याण्णव? मंग नकली असन."

नातवाने घाबरून खरी किंमत सांगितली.

"मंग परवडत नाही," गुरुजी म्हणाले आणि पेन डबीत घालून कपाटात ठेवलं. बारीक निबवाल्याचं सगळं तर्कशास्त्र या दोन वाक्यांत आलं. स्वस्त असेल तर खरं नाही, आणि खरं असेल तर स्वस्त नाही.

एवढ्यावरून गुरुजींना कोणी विक्षिप्त ठरवत असेल तर त्याने एकदा जुन्या शाळेत जाऊन बसावं. इतर मागासवर्गाच्या जातपडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मग पोरं आजोबाची, पणजोबाची शाळा शोधत येतात, कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर निघतं, आणि पानावर जातीच्या रकान्यात शाईचा गोळा. 'कुणबी' आहे की 'कुणवी', की आणखी काही, हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी गुरुजींना बोलावणं जातं. ते भिंग घेऊन येतात, पान उजेडाकडे तिरपं धरतात, आणि पुष्कळदा वाचूनही देतात. एखाद्या पानावर मात्र भिंग लागत नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कोण्या मास्तराने अंगठ्याएवढ्या रकान्यात नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, गाव, सगळं सुटं सुटं लिहून ठेवलेलं असतं आणि त्यातल्या 'ब'चं पोट अजून उघडं असतं. गुरुजी तिथे क्षणभर थांबतात.

"ह्या मास्तरजवळ निब होती," ते म्हणतात. यापेक्षा मोठी पदवी त्यांच्याकडे नाही.

एका रेघेसाठी एका पोराची शिष्यवृत्ती अडू शकते, हे दुकानदाराला ठाऊक नाही, जेल पेनवाल्याला ठाऊक नाही. निबवाल्या गुरुजींना ठाऊक आहे. त्यांचा छंद विनोदी असेल, पण त्यामागचं म्हणणं चुकीचं नाही : जे लिहायचं ते पुढच्याला वाचता आलं पाहिजे, आणि पुढचा कधी येईल याचा नेम नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. घरात आजोबांचं जुनं पेन पडलेलं असेल तर भंगारात देऊ नका. निब आणि जीभ रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा, गरम पाणी वापरू नका, सकाळी पुसून तुमच्या गावच्या निबवाल्या गुरुजींकडे न्या. त्यांना बब्रुवाहन लिहू द्या, शेजारी बसून इतिहास ऐका, चहा घ्या. आणि पेन बारीक निघालं तरी ते त्यांना भेट देऊ नका, परत घेऊन या. गुरुजींना पेन मिळून गेलं तर अकोल्याच्या गाडीत ते काय करतील?