सक्षम प्राधिकारी साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी साहेब
(पूर्ण नाव लिहिलं असतं, पण आदेशाची प्रत बघायला मिळाली नाही)

विषय : इंटरनेट बंद ठेवल्याबद्दल आभार मानणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आमच्या तालुक्यातलं इंटरनेट आता सुरू झालं आहे. पत्र बंदीच्या काळातच लिहून झालं होतं, कारण हाताला दुसरं काम नव्हतं. पाठवायची सोय मात्र तुम्ही ठेवली नव्हती.

तुमची-आमची ओळख नाही. तलाठ्याला आम्ही ओळखतो, लाइनमन तर घरचाच. डीपी जळाली की कुणाच्या दारात जाऊन बसायचं हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. तुमचं दार कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही. नेट बंद करण्याविषयीच्या २०१७ च्या नियमांनी एवढंच सांगितलं की केंद्रात असाल तर तुम्ही गृहसचिव, राज्यात असाल तर राज्याच्या गृहखात्याचे सचिव, आणि फारच घाई असली तर सहसचिव दर्जाचे कुणीतरी. त्याआधी हे काम जिल्हाधिकारी १४४ कलमाखाली करत. चार माणसं एकत्र येऊ नयेत म्हणून असलेलं कलम मोबाईलच्या टॉवरला लावायचं, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याचा सत्कार राहूनच गेला. पुढं नियम आले, तेही १८८५ च्या तार कायद्याच्या आधारानं. शेवटची तार २०१३ मध्ये गेली. तुम्ही मात्र तारेच्या कायद्यावर २०२४ पर्यंत इंटरनेट बंद करत राहिलात. जुनं ते सोनं. त्या वर्षी नोव्हेंबरात नवे नियम आले, पण घाबरायचं कारण नाही. अधिकार तुमच्याकडेच आहेत.

बंदीच्या दिवशी तुम्ही आमच्याकडं यायला हवं होतं. स्टँडसमोर चहाची टपरी आहे. एरवी तिथला तो छोटा डबा दर मिनिटाला कुणाचे तरी दहा रुपये आल्याचं ओरडून सांगतो. त्या दिवशी तो मुका. गिऱ्हाईक फोन पुढं करतंय, पडद्यावर गोल फिरतंय, मागं रांग वाढतीये. शेवटी टपरीवाल्यानं बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर नावं लिहायला घेतली. ओळखीच्यांचं ठीक, पण एसटीतून उतरलेल्या परगावच्या माणसाला उधारी कशी द्यायची? त्या माणसानं अर्धा प्यालेला चहा टेबलावर ठेवला आणि ओशाळून उभा राहिला. पुढच्या गल्लीत रेशन दुकानावर मशीन अंगठा घेत नव्हतं. एक म्हातारी बोट लुगड्याला पुसून पुसून पुन्हा लावत होती. चूक आपल्या बोटाची आहे अशी तिची समजूत. दुकानदारानं तिला सांगितलं, ‘‘आजी, वरूनच बंद आहे.’’ तिनं वर, पत्र्याकडं पाहिलं.

फॉर्मची शेवटची तारीख असलेली पोरं दुचाक्या काढून फाट्यावर गेली. तिथं शेजारच्या जिल्ह्याच्या टॉवरची रेंज मिळते. बंदोबस्ताला सगळ्यात मोठा जमाव पाहिजे असता, तर तो त्या दिवशी तिथं सापडला असता.

ज्यांच्या घरी फायबरची वायर आहे त्यांना मात्र काही कळलंसुद्धा नाही. तुमचा आदेश बहुतेक वेळा मोबाईलच्या नेटपुरता असतो, आणि या देशातल्या शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त इंटरनेट जोडण्या मोबाईलच्याच. म्हणजे बंगल्यातली बैठक चालू आणि टपरीवरचा धंदा बंद. दंगल नेहमी टपरीवरच ठरते, बंगल्यात कधीच नाही, हा तुमचा अनुभव असणार. आम्ही लहान माणसं, त्यावर काय बोलणार?

अफवा रोखण्यासाठी हे करावं लागतं, असं आदेशात लिहिलेलं असतं म्हणे. पटतं. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला, मुंबईत मुख्यालय असलेल्या विदेश संचार निगमनं सुरू केलं. त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांत, २१ सप्टेंबरला, देशभर गणपती दूध प्यायला लागले. नेट तेव्हा मूठभर लोकांकडं होतं. घरी फोन होता किंवा शेजाऱ्याकडं होता, तेवढ्यावर दुपारपर्यंत सगळा देश चमचा घेऊन रांगेत उभा होता. त्याच्याही आधी, जानेवारी १९९३ मध्ये, हत्यारांनी भरलेल्या होड्या किनाऱ्याला लागणार म्हणून मुंबईतली माणसं रात्र रात्र जागून पहारा देत होती. ती बातमी कुणी फॉरवर्ड केली होती, साहेब? तेव्हा तुम्ही कुठलं बटण दाबलं असतं? आता निदान पोलीस त्याच मोबाईलवर ‘ही बातमी खोटी आहे’ असं लिहितात. तुम्ही नेट बंद केलंत की अफवा तोंडानं गावभर फिरते आणि खुलासा पोलिसांच्याच फोनमध्ये पडून राहतो.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांनी आक्षेपार्ह स्टेटस ठेवले. बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि नेट गेलं. व्हॉट्सॲपचा स्टेटस २४ तासांत आपोआप पुसला जातो. तुमचा आदेश त्याच्यापेक्षा जास्त टिकला. एका पोरानं नळाला दगड मारला म्हणून अख्ख्या गावाचं पाणी तोडणारा ग्रामसेवक आमच्याकडं असता, तर आम्ही त्याला खुळा म्हटलं असतं. तुम्हाला मात्र सक्षम म्हणतो. आणि यात कुठल्या एका पक्षाचं नाव घेतलं तर अन्याय होईल. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीचं नेट बंद झालं तेव्हा राज्यात एक सरकार होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड, संभाजीनगरचं बंद झालं तेव्हा दुसरं. सरकारं बदलतात, तुम्ही असता.

परीक्षेच्या बाबतीत तर तुम्ही कमालच केली आहे. २६ सप्टेंबर २०२१ ला राजस्थानात शिक्षक पात्रतेची ‘रीट’ परीक्षा होती. पेपर फुटू नये म्हणून अनेक जिल्ह्यांचं नेट बंद. दुकानदार, रुग्ण, परगावी निघालेले, सगळे परीक्षार्थी समजून बसवले. पुढं तपासात निघालं की पेपर जयपूरच्या शिक्षा संकुलातूनच, परीक्षेच्या आधीच, बाहेर गेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसऱ्या स्तराची परीक्षा रद्द झाली. चोर कपाटाजवळ आणि कुलूप गावाच्या वेशीला. एवढं झाल्यावर कुणी शहाणा हा नाद सोडेल असं वाटलं होतं. आसामनं नोकरभरतीच्या परीक्षेसाठी २०२२ मध्ये नेट बंद केलं, आणि २०२४ मध्ये पुन्हा.

काश्मीरची गोष्ट मोठी आहे. ४ ऑगस्ट २०१९ च्या रात्री तिथलं नेटच नाही, फोनसुद्धा गेले. नोव्हेंबरात रेल्वे सुरू झाल्यावर माणसं श्रीनगरहून गाडीत बसून बनिहालला जाऊ लागली. बोगद्यापलीकडं नेट चालू होतं. कुणाला परीक्षेचा अर्ज भरायचा, कुणाला व्यापाराचं विवरणपत्र. त्या गाडीचं नावच ‘इंटरनेट एक्स्प्रेस’ पडलं. जानेवारी २०२० मध्ये तुम्ही दयाळूपणे टू-जी दिलंत आणि बघायला ३०१ वेबसाइटांची यादी दिलीत. यादीत सिनेमे बघायची सोय होती, समाजमाध्यमं नव्हती. मग करोना आला. अतिदक्षता उपचारांची मार्गदर्शिका उतरवून घ्यायला डॉक्टरांना तास तास लागत होता, शाळा ‘ऑनलाइन’ भरत होत्या आणि वेग टू-जीचाच होता. फोर-जी परत आलं ते ५ फेब्रुवारी २०२१ ला. दीड वर्ष. याला तुमच्या नियमांच्या शीर्षकात ‘तात्पुरती’ स्थगिती म्हणतात.

मणिपूरबद्दल उपरोधानं लिहिणं मला जमत नाही. ३ मे २०२३ ला तिथं हिंसाचार उसळला आणि नेट गेलं. दुसऱ्या दिवशी, ४ मे ला, दोन महिलांची विवस्त्र धिंड काढण्यात आली. त्याची चित्रफीत देशानं पाहिली १९ जुलैला. खोट्या बातम्या पसरू नयेत म्हणून केलेल्या बंदीत एक खरी बातमी अडीच महिने दबून राहिली. मोबाईलचं नेट तिथं मधले मोजके दिवस सोडले तर डिसेंबरपर्यंत बंद होतं.

आता न्यायालयाविषयी. ‘अनुराधा भसीन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० ला सांगितलं की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, आदेश प्रसिद्ध करावा लागेल, आणि धोका जेवढा तेवढीच बंदी असली पाहिजे. त्या तीन न्यायमूर्तींच्या पीठात अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. बावीस महिन्यांनी अमरावतीचं नेट बंद झालं. योगायोग असतात. आदेश प्रसिद्ध करायचा म्हणजे कुठं, हा प्रश्न तुमच्यापुढंही उभा राहिला असेल. वेबसाइटवर टाकावा तर ज्यांचं नेट गेलं त्यांनी तो वाचायचा कसा?

तुमच्यावर देखरेख नाही असं मात्र कुणी म्हणू नये. पुनर्विलोकन समिती आहे. राज्यात तिचे अध्यक्ष मुख्य सचिव, सोबत विधी खात्याचे सचिव आणि आणखी एक सचिव. म्हणजे तुमचे रोजचे सहकारी, एकाच मजल्यावर चहा पिणारे. ही समिती पाच कामकाजाच्या दिवसांत बसते. बंदी बहुधा दोन दिवसांची. तोवर दुकानदारानं पुठ्ठ्यावरची उधारी वसूलही केलेली असते. समितीत निवृत्त न्यायाधीश आणि लोकप्रतिनिधी घ्यावेत असं संसदेच्या स्थायी समितीनं डिसेंबर २०२१ मध्ये सुचवलं होतं. त्याच अहवालात आणखी एक मौज आहे. देशात किती वेळा नेट बंद झालं, याची नोंद दूरसंचार विभागाकडंही नाही आणि गृहमंत्रालयाकडंही नाही. बंदीनं दंगल खरंच थांबते का, याचा अभ्यासही सरकारनं केलेला नव्हता.

ज्या सरकारला आमच्या शेतातल्या पिकाचा फोटो ॲपवर लागतो, पेन्शनवाल्या म्हाताऱ्याला दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्या सरकारकडं स्वतःच्या बंद्यांची वही नाही. मोजदाद करते ‘ॲक्सेस नाऊ’ ही परदेशी संस्था. तिच्या हिशेबानं २०२३ मध्ये आपण ११६ वेळा नेट बंद केलं आणि जगात पहिले आलो. २०२४ मध्ये मात्र आपले ८४ झाले आणि लष्करी राजवटीतल्या म्यानमारनं ८५ करून पहिला नंबर नेला. एका बंदीनं हुकला. कुठल्या तरी तालुक्यात तलाठी भरती निघाली असती तर!

परदेशात आपली भाषणं तर ऐकत राहावीत अशी असतात. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपण सांगितलं की इंटरनेटचा कारभार असा मूठभरांच्या हाती असणं बरं नाही, त्यासाठी पन्नास देशांची समिती नेमा. मुद्दा खोटा नव्हता. नेटच्या नावापत्त्यांच्या व्यवस्थेवर अमेरिकी सरकारचा करार १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत होता. त्याच्या आदल्या वर्षी आपल्या मंत्र्यांनी ब्युनोस आयर्सच्या सभेत जाहीर केलं की सरकार, उद्योग, तंत्रज्ञ, नागरिक, सगळ्यांनी मिळून इंटरनेट चालवायला भारताचा पाठिंबा आहे. त्याही आधी, २००८ मध्ये, जागतिक इंटरनेट कारभाराची परिषद आपण हैदराबादेत भरवली होती. घोषवाक्य होतं ‘सर्वांसाठी इंटरनेट’. आणि जून २०२१ मध्ये, जी-७ च्या पाहुण्यांत बसून, राजकीय हेतूनं इंटरनेट बंद करणं हा लोकशाहीला धोका आहे असं सांगणाऱ्या निवेदनाला आपण मान्यता दिली. ‘राजकीय हेतूनं’ हे शब्द तुमच्या फार कामाचे. तुमचा हेतू कधीच राजकीय नसतो.

थोडक्यात, जगाचं इंटरनेट चालवायला पन्नास देशांची समिती लागते आणि आमच्या जिल्ह्याचं बंद करायला एक सही पुरते. त्या सहीची तुम्हाला किंमत पडत नाही, हे खरं दुखणं आहे. टपरीवाल्याच्या गल्ल्यातले गेलेले पैसे तुमच्या पगारातून वजा होत नाहीत. तुमच्या गोपनीय अहवालात ‘विनाकारण बंदी : दोन वेळा’ असा शेरा पडत नाही. बंद करूनही दंगल झाली तर ‘बंद केलं नसतं तर याहून मोठी झाली असती’ असं सांगता येतं. आणि दंगल झालीच नाही, तर श्रेय आहेच.

तेव्हा एक किरकोळ विनंती. आदेशाची प्रत तहसीलच्या फळ्यावर, स्टँडवर आणि रेशन दुकानावर चिकटवावी, मराठीत, नाव आणि हुद्द्यासह. कशासाठी बंद, किती गावांत, किती वाजेपर्यंत आणि याखेरीज दुसरा कुठला उपाय करून पाहिला, एवढं लिहावं. खाली रकाना ठेवावा : ‘बंदीमुळे कोणाचे किती नुकसान झाले’. तो आम्ही भरू. पेन आमचाच.

कळावे,
आपला,
नेटवर्क क्षेत्राबाहेरचा एक ग्राहक

प्रत माहितीसाठी : मा. पुनर्विलोकन समिती. पाच कामकाजाच्या दिवसांत वाचले तरी चालेल.